भिकुबाईचा पट्टा

चोपड्याहून सातपुड्याकडे जाणारा रस्ता केळीच्या बागा संपल्या की एकदम उघडा पडतो. दुपारी तिथे चिटपाखरूही नसतं. दिपमाला स्कूटीवर निघाली होती ती निव्वळ हितेंद्रच्या समाधानासाठी. तो सुरतेला कारखान्यात, आई भिकुबाई गावी एकटी, आणि कालपासून ती फोन उचलत नव्हती.

"दादा, मी रोज बघते. झोप, नाडी, चालणं... सगळं हिरवं आहे," दिपमालाने त्याला सांगितलं होतं.

"तरी एकदा जाऊन या ना ताई."

दिपमाला चोपड्याच्या एका मानसोपचार केंद्रात समुपदेशक. नवरा गेल्यावर भिकुबाईने अन्न टाकलं होतं, विहिरीच्या काठावर जाऊन बसायची. केंद्राने तिला मनगटावर बांधायचा पट्टा दिला; त्यातली माहिती दिपमालाच्या मोबाइलवर यायची. अशाच पट्ट्याने वरणगावच्या किरणची झोप उडाल्याचं सांगितलं, त्याला वेळेवर गाठता आलं, पोरगा वाचला. तेव्हापासून दिपमालाचा त्या यंत्रावर भारी भरवसा. भिकुबाईचा रंग हिरवा झाला आणि तिच्याकडच्या फेऱ्याही बंद झाल्या. दुरून डोंगर साजरे, म्हणतात ते काही उगीच नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार. विझल्या चुलीचा वास, आणि त्यात मिसळलेला ताज्या बिडीचा. भिकुबाई भिंतीला टेकून बसली होती. गाल आत गेलेले, ओठ सुकलेले. ही हिरवी?

"अक्का, जेवलात कधी?"

"भूकच नही माय."

दिपमालाने तिचा हात हातात घेतला. मनगट रिकामं होतं.

"पट्टा कुठे आहे?"

"मन्ह्या बांगड्या फुटन्यात ना माय. मंग हातमा काय बांधू?" भिकुबाईने आतल्या खोलीकडे मान वळवली. "त्यासना खाटले बांधी दिधा."

नवऱ्यामागे बाईचं मनगट मोकळंच असावं, एवढी साधी गोष्ट. केंद्रातल्या कुणाला ती विचारायचं सुचलं नव्हतं.

नवऱ्याच्या खाटेवर गोधडी नीट अंथरलेली होती. उशाकडच्या पायाला पट्टा आवळून बांधलेला, त्याचा बारीक दिवा लुकलुकत होता. दिपमालाने मोबाइल पाहिला. नाडी शांत. झोप गाढ.

लाकडावर, कापडावर ही यंत्रं कधी कधी खोटे ठोके मोजतात, हे तिला ठाऊक होतं. पण चालणं? रोज संध्याकाळी ही खाट कुठे फिरायला जात होती?

"अक्का... हा पट्टा इथून कुणी सोडतं का?"

"कोन सोडी? मी एकलीच शे."

दिपमालाला स्वतःची लाज वाटली आणि मग भीती वाटली. पट्टा सोडायला तिचा हात धजला नाही. गावातली रिक्षा बोलावून तिने भिकुबाईला चोपड्याच्या दवाखान्यात आणलं. घराला बाहेरून कुलूप लावलं.

दिवेलागणीला सलाईन निम्म्यावर आलं होतं, तेव्हा मोबाइल थरथरला. भिकुबाईच्या नावापुढे पहिल्यांदाच लाल रंग होता. नाडी जलद. सतत येरझारा. तातडीने भेट द्या.

समोर भिकुबाई निपचित पडलेली, दोन्ही हात चादरीवर, मोकळे.

"काय व्हयनं माय?"

"काही नाही अक्का. मशीन बिघडलंय."

भिकुबाईने तो लाल उजेड बघितला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसती काळजी होती. ती सलाईनची नळी ओढू लागली.

"मले घर जाऊ दे... त्यासले एकलं करमत नही."

"नाही अक्का. तिथे गेलात तर तुम्ही जगणार नाही." दिपमालाने तिचा हात दाबून धरला. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर चालण्याचा आकडा भराभर चढत होता. चढता चढता तो थांबला. नाडी मात्र चालूच होती.

भिकुबाईची ओढाताणही त्याच क्षणी थांबली. तिने दिपमालाच्या खांद्यामागे, दाराकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. मग हळूहळू ती पलंगाच्या कडेला सरकली, आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.