टेपचं दुसरं टोक

महापालिकेत इंटर्नशिप मिळाली तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता एखादा पूलबिल बांधायला देतील. दिला एक टेप. मला आणि माझ्या मावसभावाला मिळून एकच.

हा मावसभाऊ माझ्याहून जेमतेम सहा महिन्यांनी लहान, पण मी दमदाटी करून त्याला ‘ताई’ म्हणायला लावलं होतं. पायाला भिंगरी लागलेली, एका जागी दोन मिनिटं ठरायचा नाही, म्हणून घरात त्याचं नावच भिंगऱ्या पडलं होतं. आम्ही एकाच वर्गात होतो आणि आता एकाच ऑफिसात येऊन पडलो होतो. ऐकायला गंमत वाटते, पण अशा माणसाबरोबर मोजमाप घेणं म्हणजे काय वैताग असतो, ते मलाच ठाऊक.

एका दुपारी जेवणं झाल्यावर साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे इंजिनिअर. चौकाखालचा जुना भुयारी मार्ग कित्येक वर्षं बंद होता आणि वरचा रस्ता आता खचायला लागला होता, म्हणून तो भरून टाकायचं ठरलं होतं.

“किती माल लागेल ते काढायचंय. लांबी, रुंदी, उंची घेऊन या. आणि आत कोणी झोपायला येत नाही ना, तेही बघून घ्या.”

“साहेब, आत लाईट?”

“टॉर्च घ्या की! इंजिनिअर व्हायचंय ना?”

किल्ली घेऊन आम्ही निघालो. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर ही गर्दी. शटर वर सारलं आणि पायऱ्या उतरलो तसा तो आवाज हळूहळू मागे राहिला. आतला वास ओल्या सिमेंटचा, खूप दिवस न उघडलेल्या डब्यासारखा. आधी एक सरळ वाट, मग काटकोनात वळण, आणि वळणापुढे पुन्हा सरळ वाट. तिच्या शेवटी पूर्वी दुसऱ्या बाजूला चढायच्या पायऱ्या होत्या, पण ते तोंड केव्हाच विटांनी बांधून टाकलेलं. त्या भिंतीपाशी छतात एक लोखंडी जाळी होती. वर फुटपाथ. जाळीतून थोडा उजेड यायचा आणि चपला घासत जाणाऱ्या माणसांचे आवाज यायचे. बाकी सगळा अंधार.

मोजायची पद्धत सोपी असते. एकाने टेपचं टोक, म्हणजे झिरो, धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने टेप ओढत पुढे जायचं. अंधारात पलीकडचं टोक दिसत नाही म्हणून ओरडून विचारायचं. पहिली वाट मोजून झाली. मग भिंगऱ्याला वळणावर उभं करून मी टेप घेऊन जाळीखाली गेले.

“झिरो?”

“धरलाय.”

मी टेपला ताण दिला, आकडा वाचला, लिहून घेतला. आमच्या साहेबांना कुठलंही माप दोनदा घेतलेलं लागायचं, म्हणून आधीचे आकडे वहीत नीट मांडून झाल्यावर मी पुन्हा ताण दिला.

“झिरो?”

“धरलाय.”

टेप जराही हलत नव्हता. भिंगऱ्याने झिरो धरला की टेप कसा नुसता नाचायचा, आणि आज मात्र भिंतीत खिळा ठोकून बांधावा तसा स्थिर. मला कौतुकच वाटलं.

“आज काय अंगात आलंय का रे तुझ्या?”

उत्तर आलं ते डोक्यावरून.

“ताई! ए ताई! चहा आणलाय, वर ये.”

मी वर पाहिलं. दोन हातांत दोन ग्लास घेऊन भिंगऱ्या जाळीवर वाकला होता.

“तू वर कधी गेलास?”

“मगाशीच. तू लिहीत बसलीस, म्हटलं तोवर...”

“मग झिरो कोणी धरलाय?”

“टोकावर वीट ठेवून आलोय. एवढं काय त्यात?”

“तू ‘धरलाय’ म्हणालास. आत्ता... आत्ताच म्हणालास.”

तो हसायला लागला. मग माझा चेहरा बघून थांबला. “मी वर आहे गं ताई...”

टेप अजून माझ्या हातात होता. पलीकडून तो हलकेच ओढला गेला. फार नाही. हात अवघडला की माणूस पकड बदलतो, तेवढाच.

माझ्या पाठीशी विटांची भिंत होती. जाळीला हात पोचत नव्हता. बाहेर जायची वाट एकच, आणि ती त्या वळणावरून जात होती. टॉर्च माझ्या हातात होता, पण खरं सांगते, तिकडे उजेड टाकायची माझी हिंमत झाली नाही.

“थांब, मी खाली येतो,” भिंगऱ्या म्हणाला.

“नको! तू येऊ नकोस, कोणालातरी बोलाव...”

पण भिंगऱ्याच तो. त्याची पावलं धावत गेलीसुद्धा. तो पायऱ्यांवरून थेट त्या वळणापाशी येणार होता. त्या विचारासरशी माझे पाय आपोआप पुढे निघाले. टेप टाकला, टॉर्च पेटवला, पण घाईत तो निसटून पडला आणि विझला. मग मी भिंत चाचपत निघाले.

“ताई, कुठेयस?” लांबून, पायऱ्यांकडून.

“इथे आहे,” वळणावरून उत्तर आलं. माझ्यापासून चार पावलांवर. आवाज भिंगऱ्याचाच.

धावती पावलं जवळ येऊन थांबली. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. अगदी जवळ दोघंजण धापा टाकत होते.

“ताई... हात दे.”

“ताई, त्याला हात देऊ नकोस...”

कोण आधी बोललं, कोण नंतर, काही कळेना. मी अंधारात हात पुढे केला. एका हाताने तो धरला, ओढला, आणि आम्ही पळत सुटलो. मागून एकदाच हाक आली, “ताई, थांब ना गं...” मी वळून पाहिलं नाही. उन्हात आलो तेव्हा माझा हात भिंगऱ्याच्या हातात होता. त्यानेच शटर खाली ओढलं, त्यानेच कुलूप लावलं.

साहेबांना सांगितलं, आत कोणीतरी आहे. त्यांनी लगेच दोन माणसं मोठे दिवे देऊन आत पाठवली. टेपच्या टोकावर एक वीट होती. बाकी उंदीरसुद्धा नव्हता.

त्या रात्री मी भिंगऱ्याला समोर बसवलं आणि लहानपणापासूनचं एकेक विचारत गेले. आमची पहिली सायकल कोणी मोडली, मावशीने त्याला कशाने मारलं होतं, परीक्षेत त्याने कोणाचं बघून लिहिलं. तो हसत, पाय हलवत उत्तरं देत होता. सगळी बरोबर. एकही चुकलं नाही. आणि आयुष्यात एकदाही त्याने कुठली सगळी उत्तरं बरोबर दिली नव्हती.

मी कोणाला काय सांगणार होते? मावशीला सांगू, की दोन होते आणि त्यातला एक मी घरी आणला?

भुयारी मार्ग भरायच्या दिवशी साहेबांनी आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. जाळी काढली होती. मिक्सरची गाडी घरघरत उभी होती. साहेब पलीकडून ओरडले, “माप तुमचं आहे. आत कोणी नाही ना? टाकू?”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात खालून आवाज आला.

“ताई...”

दमलेला आवाज. हाका मारून मारून बसलेला.

भिंगऱ्याने माझं मनगट धरलं. “बोलू नकोस,” तो कुजबुजला. “तो मी नाही.”

“ताई,” खालून आलं, “तो मी नाही.”

गाडीच्या आवाजात साहेबांना काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी कानामागे हात धरून पुन्हा विचारलं. मला ‘थांबा’ म्हणायचं होतं. पण थांबवून करणार काय? खालचाही वर काढला, तर मावशीकडे कोणाला नेऊ?

“टाका, साहेब,” माझ्या शेजारून भिंगऱ्या म्हणाला.

सिमेंटचा पातळ लगदा त्या चौकोनातून खाली पडायला लागला. खालची हाक अर्ध्यात तुटली. आणि त्याच क्षणी माझ्या शेजारी तो खोकायला लागला. साधं खोकणं नव्हे, कंबरेत वाकून, श्वास कोंडल्यासारखं. आमच्या अंगावर एक थेंबही उडाला नव्हता. त्याने रुमाल तोंडाला लावला, काढला. रुमालात जे होतं ते राखाडी होतं, ओलं, आणि त्यात वाळू होती.

त्याने रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लहान मुलासारखा घाबरला होता.

“ताई... घरी जाऊया ना.”

मी त्याची पाठ चोळत राहिले. घरी न्यायला माझ्याकडे तोच एक उरला होता.