ओरोंझोची रात्र

ओरोंझोचा धंदा न्हाव्याचा, पण दर उन्हाळ्यात तो एक भुताचा सिनेमा काढतो. भूत म्हणून फिरणाऱ्या चादरीच्या कोपऱ्यावर हॉटेलचं नाव शिवलेलं असतं. रक्त टोमॅटोचं, त्यामुळे मढ्यावर माश्या बसतात आणि मढं त्या हाकलतं. तरी चर्चच्या अंगणात खेळ लागला की अख्खं गाव येतं, आणि आपला मेहुणा पडद्यावर मेला की टाळ्या पिटतं. तिकीट काढून पाहायच्या सिनेमात ही सोय नाही.

मी चष्मे विकतो. कॅमेरा माझा, म्हणून तो चालवतोही मीच.

रात्रीचे प्रसंग आम्ही दुपारी घेतो. मोठे दिवे परवडत नाहीत, आणि रात्री आमचे नट चौकात पत्ते कुटतात. भिंगावर मिठाईचा निळा कागद लावला की झाली रात्र. पण भुतं उन्हाने डोळे मिचकावतात आणि लोक हसतात. ते हसू ओरोंझोच्या जिव्हारी लागतं.

"एकदा तरी खरी रात्र वाटली पाहिजे," तो म्हणतो. गळ्याशी वस्तरा असल्यामुळे गिऱ्हाईक हो म्हणतं.

दुपारची जेवणं झाली की गाव खिडक्यांच्या झडपा लावून आडवं होतं. ती वेळ म्हणजे कॉन्ट्रोरा. तेव्हा रस्ता आपला नसतो, असं म्हातारी माणसं सांगतात. आमच्या लेखी रस्ता मोकळा असतो, एवढंच.

यंदा नवरीचं भूत झाली ओरोंझोची बायको, नुन्झिया. चुना फासलेल्या पांढऱ्या गल्लीतून चालत जायचं, कोपऱ्यावर वळायचं, हाक मारली की परत यायचं. वळल्यावर पुढे नुसती भिंत आहे.

पहिल्यांदा ती लगेच आली. "किती गार आहे रे तिकडे!"

सावलीत असेल, मी मनात म्हटलं.

दुसऱ्यांदा बऱ्याच हाका माराव्या लागल्या. आली तेव्हा तिच्या केसांवर दव होतं. मी बोट लावून पाहिलं. ऑलिव्हच्या झाडांवर किरकिरणारे किडे गप्प झाले होते.

शेजारच्या चेझीरा मावशींनी झडप किलकिली केली. "ओरोंझ्या, बायकोला घरात घे."

"मावशी, तुम्ही चित्रात येताय! झडप लावा."

"कर, कर गंमत."

ओरोंझो कॅमेऱ्यात पाहत होता. भर उन्हात नुन्झियाचे डोळे टक्क उघडे होते. त्याचा चेहरा फुलला.

"आणखी एकदा. माझ्यासाठी."

"मला नाही जायचं रे तिकडे."

"शेवटचं, नुन्झिया."

ती गेली.

हाका मारून त्याचा घसा बसला. मी कोपऱ्यापलीकडे जाऊन आलो. भिंत, चुना, ऊन. मी परत कॅमेऱ्यापाशी पोचलो आणि ती माझ्यामागून आली, भिंत चाचपत.

"दिवा तरी लावायचा," ती म्हणाली. "रस्ताच दिसेना मला."

मी तिचे डोळे तपासले. निर्दोष आहेत. संध्याकाळी ती सुईत दोरा ओवते. फक्त कॉन्ट्रोरात तिला दिसत नाही.

खेळाच्या दिवशी कुणी हसलं नाही. "याला म्हणतात रात्र!" म्हणत लोक ओरोंझोच्या पाठीवर थाप मारत होते. तो पडद्याकडे पाठ करून बसला होता.

काल त्याने मला दुपारच्या जेवणानंतर घरी बोलावलं. "पुन्हा एकदा बघ रे. काहीतरी आजार असेल. असू दे काहीतरी."

मी दार ठोठावलं. नुन्झियाने मेणबत्ती घेऊन उघडलं.

"एवढ्या रात्री कोण?"

चेहरा ओळखायला तिने ज्योत वर धरली.

मी मागे पाहिलं. रणरणत्या उन्हात, पांढऱ्या रस्त्यावर, माझी सावली पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली होती. ती ज्योतीबरोबर हलत होती.