गाईच्या पोटातला गहू

आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिनच्या ऑफिसात शिरताच शैलेंद्र म्हणाला, "मी गाय मारली नाही."

खासगी तपासाच्या धंद्यात गिरिजा सबनीसनं संशयी नवऱ्यांची प्रकरणं पोत्यानं पाहिली होती. गाय पहिलीच.

ल्यूकनला शैलेंद्रच्या घरामागं नोएल या शेतकऱ्याचं कुरण. तिथं वेगळी ठेवलेली व्यालेली गाय काल, ऐन दिवाळीत मेली. शेणाच्या वासावरून दोघांचं भांडण झालेलं, त्यामुळे गार्डांचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, संशय शैलेंद्रवर. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज आता बुडाल्यात जमा होता.

"विष," गिरिजाचा सहायक मुकुल म्हणाला. त्याला सगळीकडे विषच दिसायचं.

"गहू," कुरणात नोएल म्हणाला. "नुसत्या गवतावरच्या गाईनं एकदम धान्य खाल्लं की ते पोटात आंबतं. त्यानंच मरते. गुरांच्या डॉक्टरनं पोट तपासलं, दाणे शिजलेले होते म्हणाला."

"तुम्ही धान्य घालता?"

"मेंढ्यांना. भरडलेली बार्ली, तीही कोरडी."

गाईच्या कपाळावर तांबडा ठिपका सापडला होता. मेंढ्यांवर खूण करायचा रंग असेल, असं नोएलला वाटलं.

"आमचा रंग निळा," त्याचा पुतण्या कॉर्मक तुटकपणे म्हणाला. काकाचं कुरण विकायची घाई त्यानं लपवली नाही.

शैलेंद्रच्या घरी त्याच्या आईनं, बार्शीहून आलेल्या लीलावतीबाईंनी, चकल्या पुढं केल्या.

"परवा वसुबारसेला घरात कुणीच गहू तोंडात घातला न्हाई. भाकरी खाल्ली."

ओट्यावर मोठं पातेलं पालथं होतं. कपाटातली गव्हाची थोरली पिशवी रिकामी होती.

"कॉर्मकच," बाहेर येताच मुकुल कुजबुजला.

"विष घालणारा शिजवून घालत नाही, मुकुल."

ती आत परतली. मन घट्ट करून बोलली, "कुणीच गहू खाल्ला नाही, तरी पिशवी संपली. कपाळावरचं तांबडं म्हणजे कुंकू. आणि वसुबारसेला पुजतात ती वासराची गाय. आजी, तुम्ही तिला घुगऱ्या घातल्यात ना?"

"पातेलंभर. आपण सोडलेला घास गाईचा. लई आवडीनं खाल्लं तिनं." मग चकल्या भरणारा बाईंचा हात थांबला. "त्यानं मेली?"

गिरिजाला खोटं बोलावंसं फार वाटलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

शैलेंद्र तिच्याजवळ आला. "मॅडम, गाय मी मारली. गार्डांना असंच सांगा."

"गप रं," लीलावतीबाई म्हणाल्या. "वासराला कोण पाजतंय?"

शाल घेऊन त्या नोएलच्या दाराकडे निघाल्या.