‘ये’ म्हणणारी

संकेत रोज सकाळी बँकेत निघताना दारात बूट घालायचा आणि म्हणायचा, “येतो गं.” मी आतून म्हणायचे, “हां, जा.”

आमच्या संसारातली अर्धी भांडणं या ‘जा’वरून झाली. संकेत सांगलीचा. त्याच्या घरी निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो आणि मागे राहणारा ‘ये’ म्हणतो. जाणाऱ्याला ‘जा’ म्हणणं म्हणजे परत येऊ नकोस म्हणणं. माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला होता. पण मी जन्मले, वाढले जयपूरला. आईनं सुट्टीत शुद्धलेखन घालून घालून माझं लिहायचं मराठी पक्कं केलं, तरी बोलायला गेलं की हिंदीच आधी बाहेर पडते. जाणाऱ्याला आम्ही ‘जाओ’ म्हणतो, त्यात कुणाचं काही वाईट चिंतलेलं नसतं.

शिवाय ‘ये’ म्हणायचं तरी कोणाला? ‘येतो’ म्हणून गेलेला हा माणूस घरी येतच नव्हता. बँक सुटली की मीटिंग, मीटिंग सुटली की मित्र, आणि मित्र नसले तर नुसताच गाडीत बसून राहायचा, हे मला त्याच्या मित्रांकडून कळलं. मालवीय नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच जेवायचे आणि त्याचं ताट झाकून ठेवायचे. मला त्याचा राग यायचा आणि तो मला हवाही होता. दोन्ही एकाच वेळी.

वेगळं व्हायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं. “त्याआधी एकदा कुठंतरी शांत जाऊन येऊ की,” हे त्यानंच काढलं. म्हणून मागच्या फेब्रुवारीत आम्ही कोकणात गेलो.

मी विम्याचे दावे तपासते. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात एखादं गोदाम जळालं की आग लागली की लावली, ते बघायला मला पाठवतात. मालक रडत असतो, मी विजेच्या तारा बघत असते. ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही, हे आधी सांगून ठेवते.

गाव गुहागरच्या खाली, लहानसं. नाव सांगणार नाही. कॉटेज चिऱ्याची, कौलारू, सुरूच्या बनाला लागून. पुढे पडवी, मग बसायची खोली, तिच्या आत निजायची खोली, मागे विहीर. समुद्र दिसायचा कमी आणि ऐकू यायचा सारखा. मालकीण प्रभावतीबाई गावच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. शेजारीच राहायच्या आणि दोन वेळचं जेवण पाठवायच्या. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. जयपूरच्या हवेत वाळत घातलेले कपडे तासाभरात कडकडीत होतात, तिथं टॉवेलसुद्धा वाळत नव्हता. मला त्याचाही त्रास झाला नाही. संकेतनं फोन बंद करून बॅगेत टाकला होता. तो माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्यायचा. हे आमच्या घरी घडत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो समुद्रावर जाऊन आला तो हसतच.

“आज बरं वाटलं गं,” म्हणाला.

“काय?”

“निघताना ‘ये’ म्हणालीस ते.”

“मी कधी म्हटलं? मतलब, मी तर मागे विहिरीवर होते.”

“झालं. आता नाही म्हण.” आणि माझ्या डोक्यावर टपली मारून अंघोळीला गेला.

मी वाद घातला नाही. त्याला हसताना बघून किती महिने झाले होते.

त्या दुपारी प्रभावतीबाई आमसुलं घेऊन आल्या. पडवीत टेकल्या आणि म्हणाल्या, “शुद्ध आहे हो तुमचं मराठी. जयपूरच्या म्हणून खरं वाटत नाही. मी आयुष्यभर पोरांच्या जिभा सरळ केल्यात, मला लगेच कळतं.”

मी त्यांच्याशी तोवर ‘हो’ आणि ‘बस, बस’ यापलीकडे एक शब्द बोलले नव्हते.

“तुम्ही कधी ऐकलं?” मी विचारलं.

“सकाळी. आतून यजमानांशी बोलत होतात ना.”

सकाळी माझा नवरा समुद्रावर होता. मी मान हलवली. म्हाताऱ्या माणसाचे कान, असं स्वतःला सांगितलं.

नंतर मी स्वतःच ऐकलं. सकाळचं स्वच्छ ऊन पडवीत आलं होतं. संकेत चपला घालत होता. मी त्याच्या शेजारी उभी राहून केस बांधत होते आणि केसांच्या पिना माझ्या दातांत धरलेल्या होत्या.

“येतो गं,” तो म्हणाला.

“ये. लवकर ये.”

आवाज निजायच्या खोलीतून आला. आवाज माझा होता. फक्त त्यात जयपूर नव्हतं. माझा ‘ल’, माझा ‘व’, सगळं सासूबाईंना हवं होतं तसं. संकेतनं माझ्याकडे बघितलं नाही. आतल्या दाराकडे बघून त्यानं मान डोलावली आणि पायऱ्या उतरून गेला.

मी आत गेले. मागच्या दाराला आतून कडी होती. खिडकीचे गज जागच्या जागी. पलंगाखाली बघितलं, कपाट उघडलं, फळीवरच्या गाद्या हलवून बघितल्या. कुठे रेडिओ नाही, कोणाचा फोन नाही. शेवटी चादरीवरून हात फिरवला. मी उजाडायच्या आत उठले होते. माझ्या बाजूची उशी गरम होती.

तो परत आल्यावर मी त्याला विचारलं, “आत कोण बोललं?”

“कोण म्हणजे? तूच की.”

“मी तुझ्या बाजूला उभी होते, संकेत.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग समजूत काढल्यासारखं म्हणाला, “बाजूला कोण नव्हतं गं.”

सुट्टी संपायच्या आधीच मी सामान भरलं. कारण ऑफिसचं सांगितलं. संकेतनं कुरकुर केली नाही. बॅगा रिक्षात ठेवून झाल्यावर मात्र तो परत फाटकातून आत गेला, पायरीशी उभा राहिला आणि बंद दाराला म्हणाला, “येतो.”

“ये.”

प्रभावतीबाईंच्या हातात किल्ली होती. “आत कोण राहिलं अजून?” त्या म्हणाल्या. कुलूप काढून आत जाऊन आल्या आणि स्वतःशीच हसल्या. “कान गेले माझे.”

जयपूरला आल्यावर संकेत वेळेवर घरी यायला लागला.

बँक सुटली की सरळ घर. मीटिंग नाही, मित्र नाहीत. ज्यासाठी मी इतकी वर्षं भांडले ते मला फुकटात मिळालं. तो बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचा आणि समोरच्या इमारतींच्या वरून, नैर्ऋत्येकडे बघत राहायचा. सकाळी निघताना मात्र काहीच बोलायचा नाही. बूट घालायचा, दार ओढून घ्यायचा.

एप्रिल लागला. लूचे भाजणारे वारे सुरू झाले. बाल्कनीतली तुळस दोनदा पाणी घालूनही करपली, पण संकेतचे शर्ट वाळेनात. माझे कपडे पापडासारखे झालेले आणि शेजारच्याच दोरीवर त्याचा शर्ट ओला. आमच्या बगरू छपाईच्या चादरीची त्याची बाजू दमट असायची. मी जीभ लावून बघितली. खारट होती.

मग तो मला ‘थँक यू’ म्हणायला लागला. चहा दिला की थँक यू, ताट वाढलं की थँक यू. सांगलीचा माणूस बायकोला थँक यू म्हणत नाही. मी चिडले, “हे काय नाटक?” तर तो ओशाळला. खरोखर ओशाळला, परक्या घरी हातून कप फुटावा तसा.

एकदा मी भाजी निवडत उभी होते. तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, “तुम्ही बसा ना.”

तुम्ही.

माझ्या हातातली मेथी खाली पडली. मी ती वेचत राहिले, कारण वर बघायची मला भीती वाटत होती.

प्रभावतीबाईंचा फोन त्याच आठवड्यात आला. “काय हो, पाडव्याला आलात आणि कळवलंही नाहीत? किल्ली माझ्याकडे, आणि दार आतून लावलेलं! ओळखीची मंडळी म्हणून काही बोलले नाही.”

“कोण आलं होतं?”

“अहो, तुमचे यजमान. फाटकातून आत जाताना मी बघितलं ना. तुम्ही आतून ‘आलास?’ म्हणालात, तेही ऐकलं.”

पाडव्याला संकेत माझ्या माहेरी, बापूनगरला, माझ्या समोर बसून श्रीखंड खात होता. त्यानं ते अर्धं टाकलं होतं. आई म्हणाली होती, याचं लक्ष कुठे आहे?

त्या माणसानं मला हजार वेळा ‘येतो’ म्हणून सांगितलं आणि हजार वेळा मला वाट बघायला लावली. त्या घराला निघताना एकदा सांगितलं, आणि शब्द पाळला. मला इतका राग आला की भीती मागे पडली. ठरवलं, सोडायचा नाही. माझा नवरा आहे. एका शब्दाचाच प्रश्न असेल तर तो शब्द मलाही म्हणता येतो.

रात्रभर नाही, पण येता-जाता मी सराव केला. भांडी घासताना, गाडी चालवताना. ये. लवकर ये. माझं ‘ये’ हिंदीतल्या ‘ये’सारखं पडत होतं. दामटून दामटून सरळ केलं.

सोमवारी सकाळी तो बूट घालत होता. मी दारात जाऊन उभी राहिले.

“ये,” मी म्हटलं. “लवकर ये, संकेत.”

तो थांबला.

चांगलं म्हटलं होतं मी. सासूबाईंनी ऐकलं असतं तर खूश झाल्या असत्या.

त्यानं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती, राग नव्हता. थोडी दया होती.

त्यानं दोन्ही हात जोडले.

“जातो,” तो म्हणाला. “फार केलंत तुम्ही माझं.”

दार त्यानं हळूच लावलं.

मी जिन्यात धावले तेव्हा खालच्या पायऱ्यांवर ओल्या बुटांचे ठसे होते, आणि ते उन्हात वाळत नव्हते. गाडी जागेवरच होती. चौकीदार भैया म्हणाला, साहब तो नीचे उतरे ही नहीं.

दुपारी जेवणाच्या सुमाराला बँकेतून फोन आला, साहेब आज आले नाहीत. मग मी प्रभावतीबाईंना लावला. जयपूरहून त्या गावाला पोचायला विमान धरूनही अख्खा दिवस मोडतो, हे मला माहीत होतं.

“आहेत की,” त्या म्हणाल्या. “आत्ताच दोघांना पानं वाढून आले. पण तुम्ही कोण बोलताय?”

मला नाव सांगता येईना. “जयपूरहून बोलतेय. त्यांना फोन द्या,” एवढंच म्हटलं.

त्यांच्या चपलांचा आवाज आला. फाटक कुरकुरलं. समुद्र जवळ आला. मग प्रभावतीबाई मोठ्यानं म्हणाल्या, “अहो, फोन आहे तुमच्यासाठी. जयपूरहून.”

“जयपूरहून?” माझा आवाज म्हणाला. स्वच्छ, हसरा, जेवता जेवता बोलणारा. “जयपूरला आमचं कोणीच नाही हो.”

“कोण आहे गं?” आतून संकेतनं विचारलं.

“कोणी नाही. तू जेव.”