शेऱ्याचा रकाना

पहिल्या भेटीत मी फक्त पंखा लावला. एवढंच. तिच्या टेबलावरच्या तीनशे चिठ्ठ्या उडाल्या... अख्ख्या गोदामभर.

"उचला," ती म्हणाली.

उचलल्या. गुडघ्यांवर बसून. मध्येच वर बघितलं तर ती हसू दाबत होती. पुढची चिठ्ठी कुठे होती, मला दिसलीच नाही.

कपाटांचा कारखाना. ती गोदाम सांभाळायची. विक्रीवाल्यांचं सॉफ्टवेअर वेगळं, तिची यादी वेगळी, दोघांची तोंडं दोन दिशांना. दोन्ही जोडून एक करायचं, हे माझं काम. डिग्री नाही, सगळं आपलं आपण शिकलेलो. मालक म्हणाले होते, जमलं तर कायम, नाही तर घरी. ती मला 'जोडारी' म्हणायची. मी तिला 'मॅडम'.

तिच्या यादीत शेवटी शेऱ्याचा रकाना होता. 'ओलीपासून जपा.' 'खोका फाटका, माल चांगला.' कुठे कुठे 'मला विचारल्याशिवाय हलवू नये.' सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याला जागाच नव्हती, म्हणून मी तो गाळला. मग एकाच नावाच्या, एकाच मापाच्या बिजागऱ्या दोन ओळींत दिसल्या. त्या एक केल्या. अतिशहाणा ना मी. यादी तिच्यापुढे धरली, तिने माझ्याकडे बघितलं आणि न वाचताच सही केली.

एक डावी होती, एक उजवी. फरक फक्त शेऱ्यात होता.

साठ कपाटं गेली, सगळ्यांबरोबर डाव्याच बिजागऱ्या. एक दार बसतंय, दुसरं हातात येतंय. ग्राहकाचा फोन, मालकांचं बोलावणं. मी तोंड उघडायच्या आत ती दारात उभी. म्हणाली, सही माझी पण आहे, निस्तरू पण दोघंच, तीन दिवस द्या. मालकांनी दिले. चौथ्या दिवशी आकडे जुळले नाहीत तर मी घरी, हेही सांगितलं.

ती खोके उघडून मोजायची, मी टाइप करायचो. दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलं.

"मॅडम... मला का वाचवलंत?"

ती खोक्यात डोकं घालूनच म्हणाली, "खोका फाटका. माल चांगला वाटला."

मी सतराच्या जागी सत्तर टाकले. तिने न बघता ओळखलं.

घरी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, अशा पोरीला नुसतं थँक्यू म्हणून मोकळा होऊ नकोस.

चौथ्या दिवशी आकडे जुळले. मालक मान हलवून गेले – कायम. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. सॉफ्टवेअरमध्ये नवा रकाना होता... शेरा. तिचे चारशे बारा शेरे, एकेक, माझ्या हाताने भरलेले. तिचे डोळे भरून आले. पण अजून शेवटची ओळ होती.

माल: जोडारी. नग: एक. शेरा: मॅडमना विचारल्याशिवाय हलवू नये.

तिने वाचलं. परत वाचलं. कीबोर्ड ओढला आणि शेरा पुसून टाकला. मग एका बोटाने, सावकाश, तिने टाइप केलं...

'राखीव.'

"आता मॅडम म्हणू नकोस," ती म्हणाली. आणि उठून तिनेच पंखा लावला.

चिठ्ठ्या या वेळी दोघांनी उचलल्या.