लाइट गेली की येणारा

ही गोष्ट दोन हजार सातची. तेव्हा आपल्याकडे लाइट दिवसातून दोनदा जायची, आणि परत कधी येईल हे लाइनमनलाही ठाऊक नसायचं. सारं गाव तिला शिव्या घालायचं. अल्का तेवढी मनातल्या मनात तिच्या जाण्याची वाट पाहायची.

सडक अर्जुनीकडच्या एका कॉलेजात ती संगणकाची लॅब सांभाळायची. वयाने सगळ्यांत लहान, म्हणून कामं सगळ्यांत जास्त. मार्चमधल्या एका दुपारी ती लॅबच्या दारात उभी असताना एक उंच मुलगा खांद्याला पिशवी लावून घामाघूम होत आला.

"ॲडमिशन जूनमध्ये," ती म्हणाली.

"मले ॲडमिशन नाही पाहिजे जी. तुमचा स्विच बंद पडला ना? गोंदियाहून आलो. रत्नपाल माझं नाव."

अल्काचे कान गरम झाले. ती बाजूला सरकली.

स्विच म्हणजे भिंतीवरचा तो डबा, जिथे साऱ्या संगणकांच्या वायरी येऊन मिळायच्या. हा साधा नव्हता. कोणत्या वायरीने कोणाशी बोलायचं हे त्याला आधी शिकवावं लागायचं. रत्नपालने पिशवीतून निळी वायर काढून लॅपटॉप जोडला.

"दिवे तं सारे हिरवे आहेत," अल्का म्हणाली. "मग काऊन चालत नाही?"

"दिवा हिरवा म्हणजे वायर जोडली आहे. पुढं बोलणं होते का नाही, ते वेगळं." तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "माणसाचंही तसंच राहते... समोर उभे राहतात, पण बोलत नाहीत."

"आणि काही जण कामापेक्षा बोलतातच जास्त."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली, आणि ती आपण का पाहिली म्हणून अल्काला स्वतःचाच राग आला. अर्ध्या तासात लॅब सुरू झाली. प्राचार्यांच्या खोलीसाठी आणलेला दुसरा स्विचही त्याने लावून दिला आणि परतीसाठी कोहमाऱ्याची बस धरली.

थोडा वेळ लाइट गेली तर यूपीएसची बॅटरी निभवायची, पण पाच दिवसांनी लाइट दोन तास गेली. यूपीएसने पंधरा मिनिटांत मान टाकली. लाइट आली तेव्हा स्विचचे दिवे पुन्हा हिरवे, आणि लॅब पुन्हा मुकी. फोन गेला, रत्नपाल आला. मग आठवड्याभराने पुन्हा तेच. शिपाई केशोराव तर लाइट गेली की विचारायचे, "बाई, गंजात चहा चढवू का? पाहुणे येतीन आता."

अल्का "चढवा" म्हणायची नाही, पण नकोही म्हणायची नाही. तो यायचा तेव्हा खिडकीतून मोहफुलांचा वास आत येत असायचा. चहा निवायचा, बोलणं संपायचं नाही. निळी वायर तो आता लॅबमध्येच ठेवून जाऊ लागला होता.

ती मात्र स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हती. स्विचसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक तिने शब्दकोश जवळ घेऊन वाचून काढलं. त्यात एक ओळ होती : सेटिंग बदलल्यावर ती सेव्ह करा, नाहीतर वीज गेली की स्विच सारं विसरेल.

तिसऱ्या खेपेला ती स्टूल घेऊन त्याच्या बाजूला बसली. तो एकेक ओळ लिहीत गेला, ती वहीत उतरवत गेली. सेव्ह करायची शेवटची ओळ त्याने लिहिलीच नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"सगळं?"

"सगळं," तो वायर गुंडाळत म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

आधी तिला वाटलं, बिचारा कच्चा आहे. मग तिच्या लक्षात आलं, प्राचार्यांच्या खोलीतला स्विच यानेच लावला, आणि लाइट कितीदा गेली तरी तो स्विच एकदाही काही विसरलेला नाही. त्या दिवशी घरी जाताना अल्का रस्ताभर एकटीच हसत होती. हे गुपित तिने कोणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही.

चौथ्या खेपेनंतरही लॅब बंद पडली तेव्हा प्राचार्यांनी तिला बोलावलं.

"पंधरा दिवसांवर ऑनलाइन परीक्षा आहे. या पोराले काही येत नाही. त्याच्या मालकाला पत्र टाइप करा. लिहा, असा माणूस ठेवता कायले?"

पत्र गेलं असतं तर रत्नपालची नोकरी गेली असती, आणि तीही काम न येण्याच्या पापासाठी नव्हे, इथे येण्याच्या हौसेपायी.

"सर, एक डाव मी पाहू का?"

"तुला येते?"

तिने निळी वायर जोडली, वही उघडली. ओळीमागून ओळ लिहिली. शेवटच्या ओळीपाशी बोटं थांबली. ही लिहिली की त्याची नोकरी वाचणार, आणि येणंही संपणार. दारात प्राचार्य उभे होते. तिने ती लिहिली.

चारला लाइट गेली, सहाला आली. लॅब सुरू होती. पत्र गेलं नाही. अल्काने चहाच्या कपबश्या धुतल्या आणि धुता धुता रडली.

परीक्षा पार पडली. एप्रिल सरला. लाइट रोज जात होती, आता कोणी येत नव्हतं. मेच्या पहिल्या आठवड्यात भर उन्हात रत्नपाल दारात उभा राहिला.

"तुमची तक्रार नाही आली," तो म्हणाला. "म्हटलं... काही झालं तं नाही?"

"स्विच चांगला आहे. मी सेव्ह केलं."

त्याने खांद्यावरची पिशवी खाली उतरवली. मग हळूच म्हणाला, "कवापासून माहीत होतं?"

"तिसऱ्या खेपेपासून."

"मग तवाच काऊन नाही केलं?"

अल्काने त्याची निळी वायर गुंडाळून त्याच्यापुढे धरली.

"सर तुमच्या मालकाले पत्र लिहून राहिले होते," ती म्हणाली. "तुम्हाला बिनकामाचा म्हटलं. मले नाही ऐकवलं."

"आता मी कोणत्या कामाने येऊ, अल्का?" बाई नाही, जी नाही. पहिल्यांदाच नुसतं नाव.

"इथं काही काम नाही." ती वही मिटत म्हणाली. "बाबा रविवारी घरी राहतात..."

रविवारी सकाळी तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी न घेता, रिकाम्या हाताने. अंगणात खाटेवर अल्काचे वडील देवाजी बसले होते. कॉलेजचा स्विचवाला म्हणून ते त्याला ऐकून ओळखत होते.

"या, बसा," ते म्हणाले. "काय बिघडलं जी?"

रत्नपालने दाराआड उभ्या असलेल्या अल्काकडे एकदा पाहिलं.

"बिघडलं काही नाही, काका. मले तुमची पोरगी आवडते. तेच सांगाले आलो."