बोरीच्या झुडपावरच्या दोन गाठी

पुनाने ताटात टाकलेली ओवाळणी पाहून शेवंताचा हात निरांजनासकट तसाच थांबला.

"हे काय रे? चिठ्ठी? दरवर्षी निदान रुपया तरी टाकतोस!"

"वाच तर, अक्का!"

चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'टेकडी शर्यत, मोठा गट. शेवंता तोताराम. नंबर सतरा.' दहा वर्षांच्या या दिवट्याने बहिणीला न विचारता तिचं नाव देऊन टाकलं होतं! आणि शर्यत उद्याच, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी!

आई, लताबाई, एकदम ओरडलीच, "नाही म्हणजे नाही! पाय पुन्हा मोडून घ्यायचाय का?"

सावद्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. गावामागे झेंड्याची टेकडी. गेल्या वर्षी या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. वर दोन वाटा फुटतात. उजवी झेंड्याकडे जाते, डावी घळीत. शेवंता डावीकडे वळली, घसरली आणि डावा घोटा मोडला. दोन महिने पाय प्लास्टरमध्ये होता. ते दुखणं गेलं, पण दुसरं राहिलं. "तिथे खूणच नव्हती," असं ती कळवळून सांगत होती आणि कोणी मानत नव्हतं. शर्यत भरवणारे गिरधरभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "मी माझ्या हाताने बांधली होती!" झालं. वर्गातली पोरं तिला 'रूळ सोडलेली गाडी' म्हणायला लागली. तेव्हापासून ती पळालीच नव्हती.

आबांनी, म्हणजे आजोबा जीवराम यांनी, पानाचा डबा मिटला. "काय व शेवंता, पयाचं हाये का तुले?"

"हो आबा," ती म्हणाली. आपण हे इतक्या पटकन बोलून गेलो याचं तिलाच नवल वाटलं.

"मंग आधी सांग, खूण होती का नव्हती? ज्याले रस्ता दिसत नाही, त्यानं डोंगरावर पयू नये. खूण नव्हती हे दाखवून दे, म्या सोता येतो टाया वाजवाले!"

"दाखवू!" पुना उडी मारून म्हणाला. कसं दाखवणार, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी दोघं टेकडीवर गेली. सोबत कांती होता. गावातल्या किराणा दुकानदार सुगनचंदांचा हा मुलगा, शेवंताच्याच वर्गातला. दुकानातल्या खिळ्यापासून गुळाच्या ढेपेपर्यंत सगळ्याची त्याला माहिती. वाटेवर गिरधरभाऊंनी खुणेसाठी केळीच्या पानांच्या हिरव्यागार पट्ट्या झुडपांना बांधल्या होत्या. आमच्या भागात केळीचं पान फुकट आणि हवं तेवढं. पत्रावळ असो, मांडव असो, गळकं छप्पर असो, हात आधी केळीच्या पानाकडे जातो! दोन वाटांच्या फाट्यावर बोरीच्या झुडपालाही एक लांबलचक पट्टी फडफडत होती.

"आहे की इथे!" कांती हिरमुसला.

"आज आहे," शेवंता म्हणाली. "शर्यत उद्या आहे. सकाळी पुन्हा येऊ."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवता उगवता तिघं फाट्यावर पोहोचली. आणि बघतात तर काय! बोरीला पट्टी नाही! फक्त एक हिरव्या प्लास्टिकच्या दोरीची गाठ, त्यात अडकलेला पानाचा एक चिमुकला तुकडा.

"चोरी!" पुनाने डोळे वटारले. "पलीकडच्या गावच्या पोरांचं काम!"

"चोर गाठ सोडून नुसतं पान नेईल होय?" शेवंता खाली वाकली. "आणि चोर अशा काळ्या गोळ्या टाकत जातो का रे?"

वाटेवर लेंड्यांचा सडा पडला होता! तेवढ्यात वरून घंटेचा आवाज आला आणि पंधरा-वीस शेळ्या उड्या मारत खाली उतरल्या. मागे काठी घेऊन भागाबाई. टेकडीपलीकडच्या वाडीत त्यांचं घर.

"मावशी, तुमच्या शेळ्या रोज इथे येतात?"

"रोज! दिवस निघाला का माह्या शेया इथीच. काल कोनी तरी मेजवानीच बांधून ठेवली होती व माय, हिरवीगार! निस्त्या तुटून पडल्या!"

तिघं एकमेकांकडे बघून खो खो हसत सुटली. पण शेवंताचं हसू लवकर थांबलं. "हे या वर्षीचं झालं. गेल्या वर्षी असंच झालं, हे कशावरून?"

कांती झुडपात डोकं खुपसून बसला होता. "ए, थांबा! इथे अजून एक गाठ आहे! सुतळीची, पार काळी पडलेली! अगं, या वर्षी गिरधरभाऊंनी आमच्याकडून प्लास्टिकची दोरी नेली. गेल्या वर्षी सुतळी नेली होती, मीच दिली होती तोडून! ही गेल्या वर्षीची गाठ!"

शेवंता त्या काळ्या गाठीकडे बघत राहिली. गिरधरभाऊ खोटं बोलले नव्हते. तीही खोटं बोलली नव्हती. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवले नाहीत.

"रडणं नंतर, अक्का! नऊला शर्यत आहे!"

कांतीने पिशवीतून दिवाळीतला उरलेला गेरू काढला. तिघांनी मोठमोठ्या दगडांवर लाल बाण काढले. "आता खा म्हणावं!" पुना शेळ्यांना वेडावत म्हणाला. मग दोन्ही गाठींच्या फांद्या मोडून घेतल्या आणि निघाली.

उतारावर शेवंता आधी जपून चालली. मग जरा भरभर. मग कधी पळायला लागली, कळलंच नाही! मुरमावर पाय करकरत होते, गार वारा कानात शिरत होता. दगड दिसला की पाऊल आपोआप बाजूला पडत होतं. पाय काही विसरले नव्हते! तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने ओरडली, "पुनाऽऽ, बघ रेऽऽ!"

मैदानात गिरधरभाऊ शिट्टी गळ्यात अडकवून फिरत होते. फांद्या पाहून आणि शेळ्यांची गोष्ट ऐकून त्यांनी हात झटकला. "शेळ्या? छे! उगाच काहीतरी! टेकडीवर कुठल्या शेळ्या? मी दरवर्षी संध्याकाळी जातो, एक शेळी दिसत नाही!"

"सकाळी जाता का?" शेवंताने विचारलं.

तेवढ्यात घंटा वाजली. मघाशी गुपचूप मागे फिरलेला पुना भागाबाईंची शिंगवाली शेळी घेऊन हजर! शेळीने मैदानावर नजर टाकली आणि थेट शेवटच्या रेषेवरच्या कमानीकडे गेली. कमान कशाची? केळीच्या खांबांची! बघता बघता तिने एक पान अर्धं केलं. मैदानात हशा पिकला. आबा तर काठीवर वाकून हसत होते.

गिरधरभाऊ लाल झाले, पण माणूस सरळ. त्यांनी कर्णा तोंडाला लावला. "मंडळी, गेल्या वर्षी शेवंता चुकली नव्हती. मी चुकलो होतो. बांधलेली खूण सकाळी पुन्हा बघायला हवी होती. पोरी, सगळ्यांसमोर माफी मागतो."

आबांनी लताबाईंकडे पाहिलं. लताबाईंनी नंबर सतराचं कापड लेकीच्या पाठीवर टाचून दिलं.

शर्यत सुटली. फाट्यावर कांती आरतीचं ताट बडवत उभा होता. "उजवीकडेऽऽ! शेवंता, पळऽऽ!" लाल बाण लांबूनच दिसत होता. ती उजवीकडे वळली, झेंड्याला हात लावून परतली. नंबर आला सातवा. ती मात्र पहिली आल्यासारखी हसत होती.

घोटभर पाणी पिते तोच लहान गटाची शिट्टी झाली. पुना पळतोय! शेवंता उठली आणि कडेकडेने पुन्हा धावत सुटली. "पुना, श्वास सोड! हात हलव! शाब्बास रे माझ्या वाघा!" वाघ शेवटून दुसरा आला, पण त्याच्याइतका आरडाओरडा पहिल्याच्याही वाट्याला आला नाही.

आबांनी दोघांना जवळ ओढलं. "हुशार पोरं रे माही! डोकं चालवलं, पायबी चालवले!" मग त्यांनी काळजीने नातीकडे बघितलं. "शेवंता, खरं सांग. पाय दुखू राह्यला का?"

शेवंता धापा टाकत खाली बघायला लागली.

"कोणता पाय, आबा?"